दोन डोळ्यांमधलं अंतर

बाहेर उणे बत्तीस.
फ्रीझनच्या दुकानात मात्र काचांना घाम फुटलेला,
आणि फ्रीजमध्ये, दह्याच्या डब्यांसारखे दिसणारे
अळ्यांचे डबे, झाकणांना टाचणीने भोकं पाडलेले.

मी कामावरून सरळ आले आहे.
हाताला अजून उकडलेल्या गाजराचा वास.
वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसभर मी
जेवणातलं जेवणपण काढून घेते:
मांस वाटते, मटार वाटते, पाव दुधात विरघळवते,
न चावता गिळता यावं म्हणून.
आणि आता एका पालीसाठी
चावण्यासारखं काहीतरी शोधत उभी आहे.

पाल माझी नाही, पेट्रिच्कोंची.
अकरा नंबरच्या खोलीत कुंडी चालते, कॅनरी चालते,
पाल चालत नाही.
म्हणून ती नोव्हेंबरपासून माझ्या कपाटावर,
दिव्याखाली, काचेच्या पेटीत.
पिवळी, ठिपक्यांची. पापण्या आहेत तिला,
कंटाळली की मिटते.
दूस्या नाव.

दूस्या कधी चुकचुकत नाही.
चुकचुकते ती दुसरी, माझ्या मनातली,
रोज रात्री, स्वयंपाकाच्या काट्यावर तिला ठेवते तेव्हा.
एकोणपन्नास ग्रॅम. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस.
शेपटी बारीक होत चालली आहे;
शेपटी म्हणजे तिचं कोठार,
आणि ती तळाचं खरवडून खाते आहे.

फ्रीझन म्हणतो, वॅक्सवर्म दे. पण ती नुसती साय,
एकदा चटक लागली की दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाही.
मीलवर्म स्वस्त, कवच फार.
ते मोठे, काळ्या डोक्याचे? ते उलटून चावतात,
माझ्या अंगठ्याला विचार.
आणि हे निळे-हिरवे हॉर्नवर्म,
आज पेराएवढे, परवा बोटाएवढे,
उबेत विसरलीस तर तुझी पालच त्यांना घाबरेल.

पेट्रिच्कोंनी चाळीस वर्षं गहू पारखला.
रेल्वेच्या वाघिणीतून मूठभर काढायचा,
डोळे मिटून हुंगायचा, मग प्रत सांगायची.
मला त्यांनी एवढंच शिकवलं:
रंग नंतर बघ, आधी वास.
एक काळी पडलेली असेल तर डबा परत ठेव.
आणि घास,
तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. कधीच नको.

मी डबा नाकाशी नेते.
ओला कोंडा, किंचित पालापाचोळा. जिवंत आहेत.
सहा हॉर्नवर्म घेते, सगळ्यात बारीक.
गाडी गोठलेली असणार,
म्हणून डबा कोटाच्या आत, स्वेटरच्याही आत.
तेहतिसाव्या रस्त्यापासून घरापर्यंत
पोटापाशी कुणीतरी हळूहळू कूस बदलत राहतं.
ज्यांना मारायला नेते आहे त्यांना सर्दी होऊ नये
म्हणून मी हीटर वाढवते.
यावर फार विचार करत नाही.

रात्री चिमट्यात एक धरला.
दूस्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं.
मग शेपटीचं टोक थरथरलं,
अगदी टोकच,
आणि चिमटा रिकामा.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबरच्या दारावर कागद:
मंगळवारपासून आहार नगण्य.
ते भिंतीकडे तोंड करून.
मी वाटलेल्या गाजराचा चमचा भरला,
आणि हसू नका,
त्यांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर बघितलं,
अर्धा परत वाटीत सांडला.

"दूस्या जेवली," म्हटलं.

बराच वेळ काही नाही.
मग भिंतीला विचारल्यासारखं: "काय दिलंस?"

"हॉर्नवर्म."

"हॉर्नवर्म!" ते वळले. "अगं, त्यात असतं काय?
नुसतं पाणी! गव्हाच्या भावात कुणी पाणी—"

तोंड उघडंच होतं.

गाजर.
त्यांनी माझ्याकडे फार वाईट नजरेने बघितलं,
आणि गिळलं.